तिखाडी

चढताना रिकामे कॅन बोलतात.
मोवईखोरीचा घाट, दुसरा गियर,
मागे बावीस तोंडांचा कालवा,
काचेवर दव, आणि दवापलीकडे
उजाडायला तयार नसलेला डोंगर.
उतरताना हेच कॅन गप्प.
भरल्या पोटी कोण बोलतं?

लटारूबुवा माझ्या आधी उठलेले असतात.
शेणानं माखलेले हात दूर धरून, नुसती कोपरं जोडून
"दंडवत" म्हणतात,
आणि मी, दुसऱ्या देवाचा माणूस,
सात वर्षांत तेच म्हणायला शिकलो.
धावड्याच्या बल्ल्या, पऱ्हाट्यांचा कूड,
आत पांढऱ्या गवळाऊ गाई.
त्या वेळी तेवढाच उजेड असतो तिथं.

त्यांना गवतं नावानिशी ठाऊक.
पवना, शेडा, मारवेल,
आणि कुसळी, जी माझ्या पँटला धरून
रोज कारंज्यापर्यंत फुकट येते.
"पवना हाय तं गाय हाय," म्हणतात बुवा,
"बाकी समदं नुसतं पोट भरनं."
एकदा कॅनचं झाकण उघडून
नुसता वास घेतला त्यांनी:
"मैना काल खालच्या नाल्यात गेल्ती."
गुराख्याला विचारलं. पोरगा लाजला.
गेल्ती.

कार्तिक सरता सरता
वरचं पठार बंद झालं.
सिमेंटचे खांब, तार, हिरवी पाटी.
पवना तारेच्या आत पिकून वाकला
आणि गाई पलीकडच्या उतारावर गेल्या,
जिथं तिखाडी कमरेएवढी,
लाल दांड्याची, हातावर चोळली
तर दिवसभर वास जात नाही.
थोडा देवळाचा,
थोडा मालिश करणाऱ्या म्हातारीचा.

दुसऱ्या दिवशी डेअरीत
यंत्रानं फॅट बरोबर दाखवली,
पाणी नाही म्हणालं.
बाबूनं मात्र नाक मागं घेतलं.
"वास मारते हे."
या वस्तीचे अकरा कॅन परत.
प्रत्येकावर लाल खडूची फुली.

भरले कॅन घेऊन घाट चढलो,
सात वर्षांत पहिल्यांदा.
गाडी कण्हत होती, मागे शांतता,
आणि मी वळणावळणाला
बुवांना सांगायचं वाक्य जुळवत होतो,
मोडत होतो,
सालईच्या झाडापाशी ते पुन्हा पहिल्यासारखं झालं.

त्यांनी मला बोलू दिलंच नाही.
फुली पाहिली. झाकण काढलं.
पेल्यानं नाही, ओंजळीनं प्यायले.
मिशीला साय.
"दूध चांगलं हाय," म्हणाले,
"डोंगर लागला त्याले."
मग सायत्राकाकूंना हाक,
मोठे गंज, तीन दगडांची चूल,
सगळ्याचं तूप करायचं ठरलं.
तुपाला गिऱ्हाईक कोण, हे कुणी काढलं नाही.
मलाही एक किटली भरून दिली:
"ने. पोरीले पाज."

पोरीनं एक घोट घेतला,
ओठ चाटून विचारलं,
"बाबा, यात कोणतं झाड टाकलं?"
मी नावं सांगायला बसलो.
मारवेल, शेडा, कुसळी, तिखाडी.
पवनाही सांगितला,
पण तो कसा दिसतो म्हणाली तेव्हा
हवेत बोट फिरवत राहिलो,
गवत काढता येत नाही बोटानं.
बायको म्हणाली, चहा नासंल याचा.
नासला नाही.
तिनं आणखी आण असं म्हटलं नाही,
पण कपाला नाक लावून
बराच वेळ उंबऱ्यात बसली.

सकाळी पुन्हा घाट, पुन्हा कॅनांचा कालवा.
रात्रभर गाडी उघड्यावर होती.
दवानं फुल्या अर्ध्या पुसल्या होत्या,
उरलेल्या मी बाहीनं पुसल्या.
बाही अजून गुलाबी आहे.
बुवांनी कोपरं जोडली, मी जोडली.
गाई आज कुठं चरायला जाणार,
हे मी विचारलं नाही.